वाचनालयातला नाताळ : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बडोद्यातलं आमचं वाचनालय अगदी छोटं आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, अकरा कपाटं. संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं आणि आठवड्यातले तीन दिवस देवघेवीच्या टेबलावर मी बसते. काही वर्षांपासून आम्ही डिसेंबरात नाताळची एक संध्याकाळ करतो. आता आजूबाजूच्या वाचनालयांतली, सोसायट्यांतली माणसं विचारायला येतात की हे कसं जमवायचं. दरवेळी तोंडी सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात झाडापासून किंवा लाल टोपीपासून करू नका. सभासदांच्या रजिस्टरपासून करा.

आधी विचारा, मग ठरवा

रजिस्टर उघडा आणि ख्रिस्ती कुटुंबं कोणती ते बघा. दोन-तीन तरी निघतातच. नसलीच, तर मुलांच्या शाळेतल्या बाई असतात, दवाखान्यातल्या सिस्टर असतात, शेजारच्या गल्लीतलं एखादं घर असतं. त्यांच्या घरी जा. फोनवर उरकू नका. "आम्हाला वाचनालयात नाताळ करायचा आहे, तुम्ही आमच्याबरोबर याल का, आणि कसा करावा ते सांगाल का?" एवढंच विचारा आणि मग ऐकत बसा.

पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. उत्साहाच्या भरात २४ डिसेंबरची संध्याकाळ ठरवली, फलक लावला, मुलांना बोलावलं. खोली भरली, पण ज्यांचा सण ते कोणीच आले नाहीत. आमच्या एक जुन्या सभासद आजी आहेत, माहेर अहमदनगरकडचं, लग्न होऊन बडोद्याला आल्या. दर सोमवारी दोन पुस्तकं बदलून नेतात. पुढच्या सोमवारी आल्या तेव्हा पुस्तकं टेबलावर ठेवत म्हणाल्या, "अगं, चोवीस तारखेला आम्ही कोणाकडे येणार? दिवसभर तळण, मग रात्री चर्च. तू आधी विचारलं असतंस तर पेटी घेऊन मीच आले असते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण कोणाचा तरी सण आम्ही त्यांच्यावाचून साजरा केला ही गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून तारीख त्याच ठरवतात.

म्हणून तारखेचा नियम असा: २४ आणि २५ सोडून द्या. नाताळच्या आधीचे चार रविवार चर्चमध्ये आगमनकाळाचे असतात आणि या दिवसांत गाणाऱ्यांचे गट घरोघरी फिरत असतात, त्यामुळे रविवार संध्याकाळही विचारूनच घ्या. आम्हाला बहुधा १६ ते २२ च्या मधला शनिवार सोयीचा पडतो. गुजरातेत याचा आणखी एक फायदा आहे. १६ डिसेंबरच्या सुमाराला कमुरता, म्हणजे शुभकार्यांना वर्ज्य मानलेले दिवस, बसतात, लग्नं थांबतात ती थेट उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, सुरू होतात. मंडपवाल्याकडे खुर्च्या, सतरंज्या, माइक सगळं रिकामं पडलेलं असतं आणि भाव करायला तोही तयार असतो. परदेशी राहणारी बडोदेकर मंडळीही याच दिवसांत मुलाबाळांसह घरी आलेली असतात. त्या नातवंडांना मराठी गोष्ट ऐकवायची संधी वर्षातून एकदाच मिळते.

वेळ साडेपाच ते साडेसात. त्याहून लांबवू नका, लहान मुलं कंटाळतात आणि थंडीही पडलेली असते.

कार्यकारिणीत हा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "आपल्या वाचनालयात हे कशाला?" प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्या. बडोद्यात तर उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतल्या न्यू हेवनहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातूनच उभं राहिलं. ज्या गावांत वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जायच्या. वाचायला येणाऱ्याची जात, धर्म, ऐपत विचारायची नाही, या पायावर आपली वाचनालयं उभी आहेत. आपल्याकडे कोजागिरी होते, मराठी भाषा दिन होतो, दिवाळी अंकांचं प्रदर्शन होतं. तिथे सभासदांपैकी काहींचा मोठा सण मात्र मोकळा जातो. मी बैठकीत एवढंच सांगितलं आणि विषय मंजूर झाला.

पुस्तकांचं टेबल

वाचनालयाचा नाताळ इतर ठिकाणच्या नाताळापेक्षा वेगळा होतो तो इथे. झाड आणि दिवे मॉलमध्येही असतात. मराठी ख्रिस्ती साहित्याचं टेबल फक्त आपण मांडू शकतो, आणि ते मांडलं की मोठी माणसं सजावट विसरून तिथेच उभी राहतात.

काय ठेवाल? पहिलं मान द्यायचं ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाला. हे मूळचे इंग्लंडचे, गोव्यात आले, मराठी शिकले आणि ओवी छंदात येशूची कथा लिहिली. १६१६ साली ते रोमन लिपीत छापलं गेलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीची ही मराठी आहे. देवनागरी आवृत्ती मिळते. पुस्तक उघडं ठेवा, शेजारी एक चिठ्ठी: "मोठ्याने वाचून पाहा." लोक वाचतात. ओवी कानावर पडली की ज्ञानेश्वरी ऐकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं.

मग बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन, १८५७ सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्याचा उल्लेख होतो. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञानोदयाचा एखादा जुना अंक कोणाच्या घरी असेल तर तो मागून आणा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाखवा, हातात देऊ नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे तर प्रत्येक मराठी वाचनालयात असतेच, पण कपाटात. त्या दिवशी ती बाहेर येऊ द्या. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत बायबल आणलं, तेही सांगा. अलीकडचं हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे नाव बहुतेकांना ओळखीचं असतं. बडोद्यात गुजराती शेजारीही येणारच, त्यांच्यासाठी फादर वालेस यांची पुस्तकं ठेवा. स्पेनमधून आलेल्या, अहमदाबादेत गणित शिकवणाऱ्या या पाद्रींनी गुजरातीत इतकं सुंदर लिहिलं की कित्येक घरांत त्यांची पुस्तकं आजही जपून ठेवलेली असतात.

प्रत्येक पुस्तकापुढे दोन-तीन ओळींची चिठ्ठी हवीच. नुसती पुस्तकं मांडली तर लोक कव्हर बघून पुढे जातात. चिठ्ठ्या आठवी-नववीच्या मुलांकडून लिहून घ्या. ती मुलं मग घरच्यांना हाताला धरून टेबलापाशी आणतात.

चांदणी कशी करायची

विकतची चांदणी फतेगंजात मिळते आणि छान मिळते. पण निदान एक तरी मुलांकडून करून घ्या. डिसेंबरात आपल्याकडे पतंगाचा बाजार सुरू झालेला असतो, गेंडीगेटच्या रस्त्यावर पतंगाचा कागद हव्या त्या रंगात मिळतो. ज्यांनी दिवाळीत आकाशकंदील केला आहे त्यांना हे काम परकं वाटणार नाही.

दोन फुटी बांबूच्या दहा कामट्या घ्या. अर्ध्या बोटाएवढ्या रुंद, वाकतील इतक्या पातळ. पाटीवर हात न उचलता पाच रेघांत आपण चांदणी काढतो ना, तशाच पाच कामट्या जमिनीवर मांडा आणि पाचही टोकं सुतळीने घट्ट बांधा. जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे दोऱ्याचा एक-एक वेढा द्या. अशा दोन चपट्या चांदण्या करा. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. आता खरी गंमत. आतल्या पाच छेदांपाशी, दोन्ही चांदण्यांच्या मध्ये, चार-पाच इंचांची छोटी काडी उभी अडकवा. पहिली काडी बसली की काही दिसत नाही. तिसरी बसली की चांदणी पोटातून फुगायला लागते आणि पाचवी बसली की ती एकदम ताठ उभी राहते. मुलं इथे हमखास ओरडतात.

कागद लावताना पुढची बाजू पूर्ण झाका. मागच्या बाजूचा मधला पंचकोन मात्र उघडा ठेवा, तिथून दिवा आत जातो. चिकटवायला पांढरा डिंक वापरा. घरची पिठाची खळ स्वस्त पडते, पण वाचनालयात ती आणू नका. खळीला झुरळं आणि कसर लागते, आणि तिथून पुस्तकांपर्यंत जायला त्यांना वेळ लागत नाही. दिवा एलईडीचाच. मेणबत्ती इमारतीच्या आत नको, कितीही सुंदर दिसली तरी नको. ज्या घरात पाच हजार पुस्तकं आहेत तिथे ज्योत पेटवायची नसते.

पुस्तकांचं झाड

खरं झाड आणायची गरज नाही, पुस्तकांचं करा. मध्ये एक स्टूल ठेवा, म्हणजे आधार होतो. त्याभोवती जाडजूड पुस्तकांचं कडं करा, कणा बाहेर. प्रत्येक थराला कडं थोडं आत घ्या, पुस्तकं लहान होत जाऊ द्या. मुलाच्या छातीपर्यंत उंची पुरे. वर एक छोटी चांदणी.

कोणती पुस्तकं घ्यायची यावर मात्र लक्ष द्या. बांधीव जुने अंक, कोशांचे खंड, दोन-दोन प्रती असलेल्या कादंबऱ्या चालतात. पानं ठिसूळ झालेली पुस्तकं नकोत, आणि ज्यांना मागणी आहे ती तर मुळीच नकोत. तिसऱ्या थरातलं पुस्तक मागायला सभासद येतो आणि अख्खं झाड उतरवावं लागतं. झाडात गेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. चमकी आणि फवाऱ्याचा बर्फ पुस्तकांवर अजिबात नको, ती चमकी पानांतून वर्षानुवर्षं निघत राहते.

गव्हाण

दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं अजून घरोघर असतात. गाय, बैल, मेंढ्या, शेतकरी, पाण्याला निघालेली बाई. मावळे आणि तोफा पेटीत राहू द्या, बाकीचे सगळे गव्हाणीपाशी शोभतात. बाळ येशू, मरिया आणि योसेफ यांच्या मूर्ती मात्र ख्रिस्ती सभासदांनाच आणायला सांगा. त्या त्यांच्या श्रद्धेच्या आहेत, कुठे आणि कशा ठेवायच्या ते त्याच घरातलं माणूस सांगेल. आमच्याकडे बाळाची मूर्ती आजींच्या नातवाने ठेवायची असा आता प्रघातच पडला आहे. मुलांना सांगायला एक गोष्ट: असा गोठा मांडण्याची प्रथा लोकांत रुजली ती संत फ्रान्सिस यांच्यामुळे. इटलीतल्या ग्रेचो गावात १२२३ साली त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणून ही गव्हाण दाखवली होती.

कार्यक्रम

आधी गाणी. पेटी, टाळ, असेल तर ढोलकी. मराठी ख्रिस्ती भजनं आपल्या कीर्तनाच्या चालींच्या इतकी जवळची आहेत की दुसऱ्या कडव्याला सगळी खोली टाळ्या धरते. शब्द मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. मोबाइलवर पाठवलेत तर माणसं मान खाली घालून बसतात.

मग गोष्ट, जास्तीत जास्त वीस मिनिटं. ही गोष्ट ख्रिस्ती सभासदांपैकीच कोणीतरी सांगावी, यावर मी ठाम आहे. तेच शब्द आपण सांगितले तर माहिती होते, त्यांनी सांगितले की आठवण होते. आजी सांगतात तेव्हा "उतारशाळेत त्यांना जागा नव्हती" या वाक्यापाशी थांबतात. मग मुलांकडे बघून विचारतात, "तुमच्या दाराशी रात्री कोणी आलं तर?" एका वर्षी पुढे बसलेल्या एका मुलीने लगेच सांगितलं, "माझी गादी देईन, मी आजीजवळ झोपेन." त्या वर्षीची गोष्ट तिथेच पूर्ण झाली.

गोष्टीनंतर मोठ्या मुलांसाठी छोटी शोधमोहीम ठेवता येते. टेबलावर बायबल असतंच. येशूच्या जन्माच्या गोष्टीतले मेंढपाळ कुठल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कुठल्या चरित्रात, आहेत? लूकच्या. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक? मत्तयच्या. आणि ते किती जण होते? सगळी मुलं "तीन" म्हणतात. मग त्यांना शोधायला सांगा. मत्तयने सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी सांगितल्या आहेत, माणसांचा आकडा दिलेलाच नाही. पुस्तक उघडून बघायची सवय लावायला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही.

सांताक्लॉज आणायचा असेल तर शेवटी, पाच मिनिटं. तीन वर्षांच्या आतली मुलं दाढी बघून घाबरतात, त्यांना आईच्या मांडीवर असू द्या. त्याच्यामागे चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस आहेत, हे सांगितलं की मुलांना तो जास्त आवडतो.

गुंडाळलेली पुस्तकं

आइसलँडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री एकमेकांना पुस्तकं द्यायची पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाकी आयात मालावर निर्बंध होते, कागद त्यामानाने मिळत होता, म्हणून पुस्तकं देणं वाढलं आणि पुढे तीच रीत झाली. तिथे तिला पुस्तकांचा पूर म्हणतात. आपण विकत घेऊन वाटू शकत नाही, पण वाचायला तर देऊ शकतो.

पंचवीस-तीस पुस्तकं निवडा, जी चांगली आहेत पण कपाटात पडून राहतात. वर्तमानपत्रात गुंडाळा, सुतळी बांधा, सेलोटेप पुस्तकाला लागू देऊ नका. वर नाव लिहायचं नाही, फक्त खूण लिहायची: "यात एक कुत्रा आहे, एक नदी आहे आणि शेवट गोड आहे." "आजोबांनी वाचलं तर रात्रभर झोपणार नाहीत." मागच्या बाजूला दाखल क्रमांक आणि कितवी इयत्ता ते बारीक अक्षरात लिहा. हे विसरलात तर देवघेवीच्या वेळी प्रत्येक पुडी सोडून बघावी लागेल. त्या दिवशी नवीन सभासदाला अनामत माफ करा. आमच्याकडे वर्षातली सर्वांत जास्त नवी कार्डं याच संध्याकाळी होतात.

खाणं पडवीत. खोलीत एक कणही नको, मुंग्यांना कपाटाचा रस्ता एकदा कळला की महिनाभर त्या हटत नाहीत. मराठी ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळे, चकल्या येतात. दिवाळी पुन्हा आली असं मुलांना वाटतं. आम्ही त्यात बडोद्याचा लीलो चेवडो घालतो. केक दोन ठेवा, अंड्याचा आणि बिनअंड्याचा, वेगळ्या टेबलांवर, वेगळ्या सुऱ्या, आणि मराठी-गुजराती दोन्हींत ठळक पाट्या. आपल्याकडे किती घरांत अंडं चालत नाही ते सगळ्यांना ठाऊक आहे, कोणालाही विचारायचा संकोच पडू नये. हात धुवायला बादली आणि टॉवेल दारातच. आमचा सगळा खर्च अडीच-तीन हजारांत बसतो, कारण फराळ घरचा असतो.

झाड दुसऱ्याच दिवशी उतरवू नका, २५ नंतर दोन दिवस राहू द्या. ज्यांना कार्यक्रमाला येता आलं नाही ते बघायला येतात. उतरवताना वही समोर ठेवा आणि एकेक दाखल क्रमांक खुणेने मिटवत पुस्तक पुसून जागेवर लावा. दोन माणसांना एक तास पुरतो.

आणि गुंडाळून दिलेल्या पुस्तकांच्या परतीची तारीख १६ जानेवारीनंतरचीच टाका. १४ ला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण, सगळी मुलं गच्चीवर असतात. त्या दोन दिवसांत कोणी पुस्तक घेऊन येणार नाही, आणि उशिराचा दंडही लावू नका.